हनुवटीवरचा फोड

माणूस हसला की त्याचे वरचे दात दिसतात. कौतुकही त्यांचेच होते. कुणाचे दात मोत्यासारखे आहेत, कुणाचे डाळिंबाच्या दाण्यांसारखे आहेत, असे आपण म्हणतो तेव्हा आपल्या डोळ्यांपुढे वरचीच रांग असते. खालचे पुढचे चार दात बिचारे ओठाआड बसून मुकाट्याने काम करतात. भाकरीचा घास तोडायचा असो, पेरूचा चावा घ्यायचा असो, की शिवताना दोऱ्याचे टोक तोडायचे असो, वरच्या दातांना एकट्याने काहीच करता येत नाही. खालून कुणीतरी भेटावे लागते. त्या चारांतले मधले दोन तर साऱ्या तोंडात आकाराने सर्वांत लहान. पण दुधाचे दात पडू लागले की पक्क्या दातांपैकी सर्वांत आधी हजर होणाऱ्यांत हेच दोघे असतात. सहाव्या-सातव्या वर्षी ते येतात आणि नीट सांभाळले तर म्हातारपणापर्यंत साथ देतात.

दातांच्या बाबतीत उर्दू आणि मराठी या दोन भाषा अगदी शेजारणी आहेत. आपण घरी ‘दाँत’ म्हणतो आणि मराठीच्या वहीत ‘दात’ लिहितो. नाकातला सूर तेवढा गळतो. अक्कलदाढ तर दोन्हींकडे एकच. उर्दूत शत्रूचे दात आंबट करतात, मराठीत ते त्याच्याच घशात घालतात; राग दोन्हींकडे सारखाच. काही शब्दांनी मात्र वेगळी वाट धरली आहे. मसूड्यांना मराठीत हिरड्या म्हणतात आणि ठोडीला हनुवटी. यांतला हनुवटी हा शब्द 2006 साली आमच्या घरात लहानथोर सगळ्यांना पाठ झाला.

त्या वर्षी फेब्रुवारीत माझ्या हनुवटीवर एक फोड आला. मी तेव्हा मालेगावात शिक्षक होतो. दाढी करताना वस्तऱ्याचे पाते लागले असेल, असे सर्वांना वाटले. फोड फुटला, थोडा पू आला, वर खपली धरली. आठ दिवसांनी खपलीखालून पुन्हा पू आला. फोड वाटाण्याएवढा, दुखणे जवळजवळ नाही. पण शिक्षकाला सबंध दिवस मुलांकडे तोंड करून उभे राहावे लागते. हनुवटीवर चिकटपट्टी लावून मी वर्गात जाऊ लागलो. पहिल्या बाकावरची मुले माझ्या डोळ्यांकडे न पाहता त्या पट्टीकडे पाहत. व्याकरण शिकवताना एवढे एकाग्र झालेले विद्यार्थी मी त्याआधी कधी पाहिले नव्हते.

इलाज सुरू झाले. एका डॉक्टरांनी मलम दिले. दुसऱ्यांनी सात दिवसांच्या गोळ्या दिल्या. गोळ्या चालू असेपर्यंत फोड सुकला. त्या संपल्यावर दहाव्या दिवशी तो पुन्हा जागेवर हजर. तिसऱ्यांनी रक्तातली साखर तपासायला सांगितली. ती ठीक निघाली. अम्मीने हळदीचा लेप लावून पाहिला. शेजारच्या खालाजानने कडुनिंबाचा पाला वाटून पाठवला. फोड कुणालाच नाही म्हणत नव्हता. प्रत्येक औषधाने थोडा सुकायचा आणि पुन्हा यायचा.

असे सहा महिने गेले. मग एके दिवशी मामू घरी आले. त्यांनी माझी हनुवटी उजेडात धरून पाहिली, काही बोलले नाहीत, आणि अम्मीला आतल्या खोलीत घेऊन गेले. दार उघडेच होते. ‘गाठ’ हा शब्द मला बाहेर ऐकू आला. अम्मी बाहेर आली तेव्हा तिने डोळ्यांना पदर लावलेला होता. त्या रात्री आमच्याकडे कुणी धड जेवले नाही. आपल्याकडे काही आजारांचे नावसुद्धा घेत नाहीत. नाव घेतले नाही म्हणजे आजार येत नाही, अशी एक समजूत असते. पण नाव न घेतलेली भीती घरात जास्त जागा अडवते, हे मी त्या दिवसांत पाहिले. अब्बा न बोलता येरझारा घालत. धाकटा भाऊ, जो एरवी माझ्या पट्टीची थट्टा करायचा, तो एकाएकी माझ्याशी अदबीने वागू लागला. त्याच्या त्या अदबीचीच मला जास्त भीती वाटली.

शेवटी मोठी आपा मुंबईहून आली आणि मला सोबत घेऊन गेली. तिच्या ओळखीच्या एका त्वचारोगतज्ज्ञांनी फोड पाहिला. त्यांनी हातमोजा घालून माझा खालचा ओठ बाहेर ओढला, आत बोट फिरवले आणि विचारले, “दातांच्या डॉक्टरांना दाखवलंत का?”

मी म्हणालो, “पण डॉक्टरसाहेब, दात तर दुखत नाहीत.”

“म्हणूनच दाखवा,” ते म्हणाले आणि त्यांनी एका दंत महाविद्यालयाच्या रुग्णालयाच्या नावे चिठ्ठी लिहून दिली.

कातडीचा आजार आणि दातांचे डॉक्टर! जिना उतरताना आपा पुटपुटली, “हे म्हणजे पायाला लागलं आणि डोक्याला पट्टी बांधली, तसं झालं.” त्याआधी मालेगावातही एकांनी दातांवर संशय घेतला होता, हे मात्र खरे. पण त्यांचा उपाय असा की, पुढचे चारही दात काढून टाकावेत, म्हणजे कटकट मिटेल. चार दात! खालचे पुढचे दात गेलेल्या माणसाचा ‘स’ शिट्टीसारखा वाजतो. ज्याला रोज ‘समास’ आणि ‘सर्वनाम’ म्हणायचे आहे, त्याने काय करावे?

दंत महाविद्यालयाच्या रुग्णालयात सकाळी आठला रांग लागते. तेथे शिकणारे तरुण डॉक्टर काम करतात आणि त्यांचे शिक्षक मागे उभे राहून पाहतात. एका तरुण डॉक्टराने माझी नोंद घेतली. मग त्यांच्या प्राध्यापक असलेल्या डॉक्टरबाई आल्या. त्यांनी पहिला प्रश्न फोडाबद्दल विचारलाच नाही. त्या म्हणाल्या, “लहानपणी हनुवटीला कधी मार लागला होता का?”

मी आठवू लागलो. पण माझ्याआधी आपाच ओरडली, “हापसा!”

गोष्ट 1988 सालची. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. मोहल्ल्यातल्या हापशावर पाण्याला गर्दी असे. धाकटा भाऊ दांड्याला लोंबकळून पाणी काढत होता आणि मी वाकून हंडा सरळ करत होतो. त्याच्या हातातून दांडा सुटला, वर उसळला आणि खालून माझ्या हनुवटीवर बसला. तोंडात रक्त आले, दोन दात हलू लागले. अम्मीने मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला लावल्या. आठवड्याभरात दात घट्ट झाले आणि सगळे ते विसरून गेले. अठरा वर्षे झाली होती.

डॉक्टरबाईंनी मान डोलावली. मग त्यांनी त्या तरुण डॉक्टराला आणि त्याच्यासोबत मलाही एक धडा दिला. मी आयुष्यभर धडे शिकवत आलो. इतका चांगला धडा मला क्वचितच ऐकायला मिळाला.

दात वरून दगडासारखा दिसतो, पण तो आतून जिवंत असतो. वर इनॅमलचे कवच. शरीरात त्याहून कठीण काही नाही. त्याच्या खाली हाडासारखा थर. आणि मधोमध एक पोकळी, तिच्यात मऊ गाभा. त्या गाभ्यात रक्तवाहिन्या आणि नसा असतात. त्या मुळाच्या टोकाला असलेल्या बारीक छिद्रातून आत येतात. दाताला जोराचा धक्का बसला आणि तो जागेवरून थोडासा जरी हलला, तरी त्या छिद्रापाशी रक्तवाहिन्या तुटू शकतात. दात पुढे घट्ट होतो, दिसायला धडधाकट असतो, पण आतला गाभा मरून जातो. मग केव्हातरी, इनॅमलच्या एखाद्या बारीकशा भेगेतून जंतू आत शिरतात. मेलेल्या गाभ्यात त्यांना अन्न आहे आणि अडवणारे कुणी नाही. ते मुळाच्या टोकातून बाहेर पडून जबड्याचे हाड पोखरू लागतात. पू होतो. पुवाला बाहेर पडायला वाट लागते.

“बहुतेक दातांचा पू तोंडातच, हिरडीवर फुटतो,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “पण खालच्या पुढच्या दातांचं मूळ कधी कधी इतकं खोल जातं की त्याचं टोक हनुवटीच्या स्नायूच्याही खाली असतं. मग पुवाला वर तोंडात यायला वाट मिळत नाही. तो खाली, कातडीतून निघतो. आणि वाट मोकळी असल्यामुळं आत दाब साठत नाही. दाब नाही, म्हणून दुखणं नाही.”

गोळ्यांनी तो का सुकायचा, तेही मग उमगले. औषध रक्तातून पोहोचते. हाडाला रक्त आहे, कातडीला आहे; तेथे औषध पोहोचले आणि फोड सुकला. पण मेलेल्या गाभ्याला रक्तच नाही. जंतूंचे घर जेथे होते तेथे एकही गोळी पोहोचत नव्हती. गोळ्या बंद झाल्या की ते पुन्हा बाहेर यायचे.

“याला जुने लोक काय म्हणत, माहीत आहे?” त्यांनी विचारले. “नासूर.”

हा शब्द मराठीत आहे आणि उर्दूतही आहे. शायरीत तो फार दुःखी अर्थाने येतो. मला मात्र तो त्या दिवशी ऐकून इतका आनंद झाला की मी खुर्चीतून उठायच्या बेतात होतो. नासूर म्हणजे ती ‘गाठ’ नव्हे! आपाने तेथूनच घरी फोन लावला. पलीकडे अम्मी बराच वेळ बोललीच नाही, नुसते रडणे ऐकू येत होते.

पण दात कोणता, हे अजून ठरायचे होते. एक्स-रे काढला. मुळांच्या खाली एक गोल काळी सावली दिसली. ती एका दाताखाली नव्हती. मधल्या दोन्ही दातांखाली पसरली होती. तरुण डॉक्टर म्हणाला, “मॅडम, दोन्ही दातांची रूट कॅनाल करावी लागेल.” बाईंनी नुसते विचारले, “तपासलंस?” मग त्यांनी कापसाच्या बोळ्यावर बर्फासारखा गार फवारा मारला आणि तो एकेका दाताला लावायला सांगितला. उजव्या बाजूच्या दाताला कापूस लागताच मी दचकलो. डावीकडचा मधला दात मात्र गप्प. पुन्हा लावला, तरी गप्प. नीट उजेडात पाहिल्यावर तो शेजाऱ्यापेक्षा किंचित काळपटही दिसत होता. शेवटी बाईंनी हनुवटीवरच्या छिद्रातून एक मऊ, बारीक काडी अलगद आत सरकवली आणि पुन्हा एक्स-रे घेतला. एक्स-रेत ती काडी पांढऱ्या रेघेसारखी उमटली होती आणि तिचे टोक बरोबर त्या डाव्या दाताच्या मुळापाशी जाऊन थांबले होते.

म्हणजे चार दात काढायला निघालेल्या माझ्या तोंडात आजारी दात एकच होता. तोही काढायचा नव्हता.

रांगेत ताटकळताना वेळ पुष्कळ मिळाला. पुढे मी दातांच्या वैद्यकाचा इतिहासही थोडा चाळला. सुमारे हजार वर्षांपूर्वी स्पेनमधल्या कुर्तुबा शहराजवळ अबुल कासिम अल्-जहरावी नावाचे मोठे शल्यवैद्य होऊन गेले. ‘अत्-तसरीफ’ हा त्यांचा तीस भागांचा ग्रंथ. दात उपटायची घाई करू नका, कोणता दात आजारी आहे हे आधी नीट ओळखा, कारण दुखणे फसवते आणि चांगला दात निघून जातो, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. हलणारे पुढचे दात सोन्याच्या तारेने शेजाऱ्यांना बांधावेत, हेही त्यांनी सांगितले आहे. आमच्या डॉक्टरबाईंच्या “तपासलंस?” या प्रश्नाला हजार वर्षांचा आधार होता तर!

आपल्या देशातले पहिले दंत महाविद्यालय निघाले कलकत्त्याला, 1920 साली. ते काढणारे डॉ. रफीउद्दीन अहमद. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात ते 1915 साली दंतवैद्य झाले आणि काही वर्षांनी मायदेशी परतले. महाविद्यालय चालवायला पैसा हवा, म्हणून त्यांनी कलकत्त्यात चक्क सोडा आणि आइस्क्रीमचे दुकान घातले. दातांच्या डॉक्टराने आइस्क्रीम विकावे आणि त्या पैशांतून दातांचे डॉक्टर घडवावेत, ही गोष्ट मला फार आवडली. 1964 साली त्यांना पद्मभूषण मिळाले. 24 डिसेंबर हा त्यांचा जन्मदिवस आपल्याकडे दंतवैद्य दिन म्हणून पाळतात.

आता प्रत्यक्ष कामाकडे येतो. रूट कॅनाल म्हटले की लोकांच्या अंगावर काटा येतो. आमच्या शेजाऱ्यांनी तर तिचे असे वर्णन केले होते की मला दातखिळीच बसावी. खरे म्हणजे माझा दात मेलेला होता. मेलेल्या दाताला काय दुखणार? तरीही आसपासची जागा बधिर करण्यासाठी एक सुई दिली. तेवढीच काय ती टोचली. पाच मिनिटांत खालचा ओठ आणि हनुवटी दुसऱ्या कुणाची तरी असल्यासारखी वाटू लागली. मग दाताभोवती एक निळे रबरी पान ताणून बसवले. त्या पानातल्या भोकातून फक्त तो एक दात वर आला. बाकीचे तोंड पडद्याआड. थुंकी आत जाऊ नये आणि एखादी बारीक सुई घशात पडू नये, म्हणून हे रबर. न्यूयॉर्कच्या सॅनफोर्ड बार्नम या दंतवैद्यांनी 1864 साली ही युक्ती काढली. इतकी साधी गोष्ट, पण तिच्याशिवाय हे काम नीट होत नाही.

दाताला छिद्र पाडले ते मागून, जिभेच्या बाजूने. त्यामुळे समोरून पाहणाऱ्याला काही कळत नाही. छिद्र पडताच एक घाण वास आला. अठरा वर्षांपूर्वीच्या हापशाचा तो वास, असे मी मनात म्हटले. मग तरुण डॉक्टर केसासारख्या बारीक सुया एकामागून एक आत घालू लागला. या सुयांना कानशीसारखी धार असते. प्रत्येक सुईवर रबराची एक टिकली असते. किती खोल जायचे ते तिच्यावरून मोजतात. माझ्या दाताची लांबी मुळाच्या टोकापर्यंत 21 मिलिमीटर भरली. त्यातला जेमतेम नऊ मिलिमीटर भाग तोंडात दिसतो. बाकीचा दात हाडात पुरलेला. मधूनमधून तो एका औषधी पाण्याने आतून धुवत होता. वासावरून मी ते ओळखले. विहिरीत टाकतात त्या ब्लीचिंग पावडरच्याच कुळातले ते होते.

तासाभराने त्याने सुई आत ठेवून एक्स-रे घेतला आणि आनंदाने बाईंना दाखवला. सुई टोकापर्यंत पोहोचली होती. बाईंनी तो उजेडासमोर धरला, चष्मा वर केला, आणि म्हणाल्या, “सुई मधोमध आहे का?”

तो गप्प झाला.

“मुळाच्या एका कडेला आहे. मग दुसऱ्या कडेला काय आहे?”

खालच्या पुढच्या दातांची ही एक खोड आहे. दात लहान, मूळ एकच, तेही चपटे. समोरून पाहिले तर आत एकच नळी असावी असे वाटते. पण पुष्कळ माणसांच्या या दातांत एकामागे एक अशा दोन नळ्या असतात. एक्स-रे समोरून काढला की पुढची नळी मागचीला झाकते. जिभेकडची ती दुसरी नळी कित्येकदा राहून जाते, आणि मग दात भरूनही आजार बरा होत नाही. बाईंनी यंत्र थोडे तिरपे ठेवून पुन्हा एक्स-रे घेतला. त्या तरुणाने छिद्र जिभेच्या बाजूला किंचित वाढवले आणि सुईच्या टोकाने चाचपू लागला. माझे तोंड उघडे, त्याच्या कपाळावर घाम, बाई शांत उभ्या. पंधरा-वीस मिनिटे गेली. मग सुई एकदम खाली गेली. त्याने काही म्हटले नाही, पण तोंडावरच्या पट्टीआड तो हसला हे मला त्याच्या डोळ्यांवरून कळले. माझ्या वर्गात एखाद्या मुलाला अडलेले गणित सुटले की त्याचे डोळे असेच होतात.

दोन्ही नळ्या साफ झाल्यावर त्यांत पांढरे औषध भरले. ते म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. पानाला लावतात तो चुना आणि हे औषध मूळचे एकच. हे फक्त शुद्ध केलेले. चुना जंतूंना जगू देत नाही. दोन आठवड्यांनी यायला सांगितले. त्या संध्याकाळी मी आपाच्या घरी चहा प्यायला बसलो आणि निम्मा चहा सदऱ्यावर सांडला, कारण बधिर ओठाला कप कुठे आहे ते समजत नव्हते. भाच्यांनी हसून हसून घर डोक्यावर घेतले. बऱ्याच दिवसांनी आमच्या घरातले कुणी माझ्या हनुवटीकडे पाहून हसत होते.

चौथ्या दिवशी पू थांबला. दहाव्या दिवशी खपली पडली आणि खाली कोवळी, गुलाबी कातडी दिसली. सात महिने मलमे, लेप आणि गोळ्यांना न जुमानलेला फोड, त्याला बोटही न लावता गेला.

दुसऱ्या खेपेला नळ्या कायमच्या भरल्या. ज्या पदार्थाने त्या भरतात त्याचे नाव गटापर्चा. मलायाकडच्या एका झाडाचा तो चीक. हनुवटीच्या छिद्रातून आत सरकवलेली काडीही त्याचीच होती. तो गरम केला की मऊ होतो, थंड झाला की घट्ट बसतो, आणि पाणी आत येऊ देत नाही. या शेवटच्या गुणामुळे एके काळी समुद्राखालच्या तारांवर त्याचे वेष्टण घालत. 1870 साली मुंबईहून एडनपर्यंत समुद्रतळाशी तार टाकली गेली, तिच्यातही गटापर्चा होता. त्या तारांवरून मुंबईचे निरोप विलायतेला जाऊ लागले. तोच पदार्थ आता माझ्या दाताच्या 21 मिलिमीटरांत बसला आहे आणि जंतूंचे निरोप अडवतो आहे. मागचे छिद्र दाताच्या रंगाच्या मसाल्याने बुजवले. दाताचा बाकीचा भाग शाबूत असल्यामुळे वर टोपी बसवायची गरज पडली नाही. दाढांना बहुधा ती लागते, कारण त्यांच्यावर चावण्याचा जोर जास्त.

निघताना बाईंनी आणखी एक गोष्ट दाखवली. माझ्या त्या चार दातांच्या मागे पिवळट कीटण साचले होते. ते त्यांनी खरवडून काढले. आरशात पाहून जीभ वर टाळूला लावली तर जिभेच्या मुळाशी दोन बारीक उंचवटे दिसतात. तेथून लाळ येते. लाळेतले क्षार पहिल्यांदा शेजारच्याच दातांवर, म्हणजे खालच्या पुढच्या दातांच्या पाठीवर बसतात. ब्रश असो की मिस्वाक, आपला हात समोरूनच फिरतो आणि हे दात मागून तसेच राहतात. तेथे ब्रश उभा धरावा लागतो. अल्-जहरावींनी हे कीटण खरवडायच्या हत्यारांची चित्रेही काढून ठेवली आहेत, हे वाचल्यावर मला त्या थोर माणसाबद्दल आणखीच आपलेपणा वाटला.

वर्षभराने, 2007 साली, मी पुन्हा एक्स-रे काढून घेतला. ती काळी सावली नाहीशी झाली होती. जेथे हाड पोखरले गेले होते तेथे नवे हाड भरून आले होते. शेजारचा उजवा दात, ज्याला विनाकारण छिद्र पडता पडता राहिले, तो ठणठणीत होता आणि गार कापूस लावल्यावर अजूनही मला दचकवत होता. तो तरुण डॉक्टर तोवर आपले शिक्षण संपवून गावी निघून गेला होता. बाईंनी दोन्ही वर्षांचे एक्स-रे शेजारी शेजारी धरून नव्या मुलांना दाखवले आणि विचारले, “काय दिसतं?” एक जण म्हणाला, “एक नळी.” बाई माझ्याकडे पाहून हसल्या आणि त्यांनी पुढच्याला विचारले.

हनुवटीवर आता एक लहानशी खळी राहिली आहे. आमच्या मोहल्ल्यात कुणाच्याही हनुवटीवर फोड आला की लोक त्याला घेऊन माझ्याकडे येतात. मी चष्मा लावतो, उजेडाकडे तोंड करायला सांगतो आणि विचारतो, “लहानपणी कधी मार लागला होता का?” काहींना मी दातांच्या डॉक्टरांकडे पाठवले. त्यांतल्या एका बाईंचा दात खरोखरच मेलेला निघाला. बाकीच्यांचे फोड मात्र साधेच होते आणि आठ दिवसांत आपोआप बरे झाले. त्याचेही श्रेय लोक मलाच देतात.